कूलरची परीक्षा समोरच्या खिडकीत

मार्च सरत आला की नांदेड-लातूरच्या बाजारात पत्र्याचे कूलर दुकानांबाहेर ओळीनं उभे राहतात. गिऱ्हाईक येतं, दुकानदार बटण दाबतो, गिऱ्हाईक कूलरच्या तोंडासमोर उभं राहून डोळे मिटतं. शर्ट फडफडतो आणि सौदा होतो. कूलर पारखायची आपल्याकडची रूढ पद्धत एवढीच. तिच्यात पंख्याची परीक्षा होते, कूलरची होत नाही. घामेजल्या अंगावर जोरात वारा लागला की तो गारच वाटतो, मग गवत ओलं असो की कोरडं.

खरी परीक्षा घ्यायची तर कूलरकडे पाठ करून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं. तिथं खिडकी आहे का, ती उघडी आहे का आणि तिच्यातून हवा बाहेर पडते का, हे पाहायचं. हे सांगितलं की लोक हसतात. पैसे मोजून, पाणी ओतून गार केलेली हवा बाहेर सोडून द्यायची? आक्षेप अगदीच चुकीचा नाही. मला वाटतं, शहाण्या माणसाला तो सुचलाच पाहिजे. म्हणून ही गोष्ट सावकाश उलगडायला हवी, आणि खिडकीपर्यंत पोचण्याआधी गवतातून जायला हवं.

कूलरच्या तिन्ही बाजूंच्या जाळ्यांत जे पिवळसर गवत भरलेलं असतं, त्या खरं तर लाकडाच्या केसासारख्या बारीक सोललेल्या ढलप्या. वरच्या पन्हळीतून पाणी त्यांच्यावर ठिबकतं, ढलप्यांच्या अंगानं उतरत टाकीत येतं, आणि टाकीतला छोटा पंप ते पुन्हा वर चढवतो. पंखा कूलरच्या पोटातली हवा खोलीत ढकलतो. तिची जागा भरायला बाहेरची हवा या ओल्या ढलप्यांतून आत येते. जे काही घडायचं ते या दोन-तीन बोटं जाडीच्या प्रवासात घडतं. कोरडी, तापलेली हवा ओल्या तंतूला घासून जाते, तंतूवरच्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेला लागणारी उष्णता त्या हवेतूनच घेतली जाते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. विजेच्या मीटरवर मोजली तर ती एका युनिटच्या दोन-तृतीयांशाएवढी भरेल. तासाला पाच लिटर पाणी उडालं, तर एक टनाचा एसी ओढतो साधारण तेवढी उष्णता या ढलप्यांनी हवेतून काढून घेतली. पंखा आणि पंप मिळून दोनशे वॉटच्या आसपास वीज खातात. बाकीचं काम पाण्याचं.

पण पाण्याच्या या कामाला एक तळ आहे, आणि तो कूलरच्या किमतीवर ठरत नाही, त्या दिवसाच्या हवेवर ठरतो. तापमापकाच्या फुग्यावर ओल्या मलमलीची चिंधी गुंडाळून तो वाऱ्यात धरला की पारा उतरत उतरत एका आकड्यावर थांबतो. त्याखाली तो जात नाही. वेधशाळेच्या आवारात पांढऱ्या झडपांची एक लाकडी पेटी असते, तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. तिच्यात असे दोन तापमापक शेजारीशेजारी असतात, एक कोरडा आणि एक ओला. ओल्याच्या फुग्यापासून सुती दोऱ्यांची वात खालच्या पाण्याच्या बाटलीत सोडलेली असते. ओला तंतू आणि त्यावरून जाणारी हवा: कूलरचं सगळं यंत्र या पेटीत आधीच हजर आहे, फक्त खोली गार करण्याऐवजी ते आकडा सांगतं.

मे महिन्यातली आपल्याकडची दुपार घेऊ. कोरडा पारा ४२ अंश, हवेतली आर्द्रता १५ टक्के. ओला पारा २२ च्या आसपास थांबेल. मधलं अंतर २० अंशांचं. नीट भरलेलं, नीट भिजलेलं गवत या अंतरातला सत्तर ते ऐंशी टक्के भाग कापतं. म्हणजे कूलरच्या तोंडातून २६ ते २८ अंशांची हवा यायला हवी. ही परीक्षा घरी घेता येते आणि तिला दोन साधे तापमापक पुरतात. सावलीत, वाऱ्यात, आधी कोरडा आकडा घ्या, मग फुग्याला ओली वात बांधून ओला आकडा घ्या, आणि शेवटी कूलरच्या तोंडाशी तिसरा. पहिल्या दोन आकड्यांतलं निम्मंसुद्धा अंतर कापलं जात नसेल तर दोष हवामानाचा नाही, गवताचा आहे.

वातीसाठी एक सूचना. बोंडातून काढलेला कच्चा कापूस पाण्यावर टाकला तर तो तरंगत राहतो, कारण त्याच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो. कापसाच्या ‘नांदेड ४४’ वाणानं ज्या मुलखाचं नाव शेताशेतांत पोचवलं, तिथल्या माणसाला हे सांगावं लागू नये. पण दवाखान्यातला पांढरा शुभ्र कापूस पाहून पाहून आपल्याला कापूस जन्मतःच पाणी पितो असं वाटू लागलंय. तो क्षाराच्या पाण्यात उकळून मेण काढल्यावरच प्यायला लागतो. तापमापकाला बांधायची चिंधी आणि दोरा म्हणूनच आधी साबणाच्या पाण्यात उकळून, खळखळून धुऊन घ्यायचा. कूलरच्या नव्या गवताचंही थोडंफार तसंच असतं. पहिल्याच दिवशी हवा मनासारखी गार नाही म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. पाणी सगळीकडे मुरायला त्याला एखाद-दुसरा दिवस द्यावा.

आता हवेचा स्वभाव. तिला जिथं अडवणूक कमी तिथून ती जाते. गवत ओलं झालं की जड होतं आणि जाळीत खाली बसतं. वरच्या कडेला हात जाईल एवढी फट पडते. त्या फटीतून येणारी हवा एका थेंबालाही न शिवता आत शिरते. समजा, एक-चतुर्थांश हवा अशी फटीतून ४२ अंशांची आली आणि उरलेली तीन-चतुर्थांश गवतातून २६ अंशांची. पंख्यानं दोन्ही एकत्र करून खोलीत फेकली की ती ३० अंशांची असते. चार बोटांच्या फटीनं चार अंश खाल्ले. पन्हळीचं एखादं भोक क्षारानं बुजलं की त्याच्या खालचा गवताचा उभा पट्टा कोरडा राहतो, आणि कोरडं गवत ओल्यापेक्षा हवेला कमी अडवतं, त्यामुळे हवा नेमकी तिथूनच पसंतीनं येते. म्हणून जाळी बसवल्यावर पंप चालू करून, पंखा बंद ठेवून, गवताकडे पाच मिनिटं बघत बसावं. ओलं गवत गडद दिसतं, कोरडा पट्टा फिकट. मग पंखा लावून उदबत्ती जाळीच्या कडेकडेनं फिरवावी. धूर जिथं सुसाट आत ओढला जातो तिथं फट आहे. तिथं मूठभर गवत कोंबायचं. फार दाबून मात्र नाही. खच्चून भरलेल्या गवतातून हवा जातच नाही, आणि मोटार गुरगुरत नुसती आपल्याच पोटातली हवा घुसळत बसते.

वेगाचंही असंच. गवतातून हवा साधारण सेकंदाला एक मीटर, म्हणजे माणसाच्या रमतगमत चालीनं गेली तर तिला तंतूशी पुरेशी भेट मिळते. मोठी मोटार, मोठं पातं बसवून तो वेग दुपटीनं वाढवला की हवा घाईनं निघून जाते, कमी गार होते, आणि वर पाण्याचे थेंब उडवून पलंगावरची चादर भिजवते. खोक्यावर छापलेला ताशी इतके घनमीटर हा आकडा बहुधा समोर काहीच अडथळा नसतानाचा असतो. ओलं गवत, जाळी, खिडकीचे गज, पडदा आणि पुढची बंद खोली यांतून पार होताना त्यातला बराच भाग गळून जातो. एक बाजू भिंतीला चिकटवून ठेवलेला कूलर तर तीन जाळ्यांपैकी एक गमावूनच सुरुवात करतो. त्या दोन जाळ्यांतून मग हवेला धावत यावं लागतं.

तंतू, ओल आणि हवेचं भोक यांचा हा हिशेब जगाच्या दुसऱ्या एका कोपऱ्यात फार बारकाईनं मांडला गेलाय, आणि तो कोपरा जरा अनपेक्षित आहे. आजच्या रूपातल्या इलेक्ट्रॉनिक सिगारेटचा शोध चिनी औषधशास्त्रज्ञ होन लिक यांनी २००३ च्या सुमारास लावला. पुढे तिच्या हौशी लोकांत स्वतः उघडून, स्वतः तार गुंडाळून, स्वतः कापूस भरून वापरायच्या अ‍ॅटोमायझरचा छंद वाढला. बोटभर उंचीची धातूची डबी, तिच्यात तारेचं वेटोळं, वेटोळ्यातून ओवलेली कापसाची वात आणि कडेला हवेची भोकं. हे लोक त्या भोकाच्या अर्ध्याअर्ध्या मिलिमीटरवर वाद घालतात. भोक लहान तर तार जास्त तापते, वात कोरडी पडून जळते. भोक मोठं तर वाफ विरळ होते. भोक वेटोळ्याच्या बरोबर खाली की कडेला, यावर हवा तारेला शिवून जाते की तिला वळसा घालून निसटते हे ठरतं. कापूस दाबून भरला तर निकोटीनचा द्रव वर चढत नाही, सैल भरला तर गळतो. आपल्या देशात हा सगळा व्यवहार १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशानं आणि त्याच वर्षी डिसेंबरात झालेल्या कायद्यानं बंद आहे. बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं, काहीच चालत नाही. बनवण्या-विकण्याच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निकोटीन छातीत भरण्यासाठी एवढी कारागिरी वाया जावी याचं मला वाईट वाटतं. पण त्या छंदातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ते लोक परीक्षा ओढीवरून घेतात, म्हणजे हवा पलीकडच्या टोकाला किती सहज पोचते त्यावरून. ओढणाऱ्याची छाती हे त्या हवेचं पुढचं घर. आपल्या कूलरला अशी ओढणारी छाती नाही, नुसता ढकलणारा पंखा आहे. आणि ढकललेल्या हवेला पुढं जायला जागा लागते.

आता समोरच्या खिडकीकडे यायला हरकत नाही. एसी खोलीतली उष्णता कशी काढतो? तांब्याच्या नळ्यांतला वायू ती उचलून बाहेरच्या यंत्रात नेऊन टाकतो. कूलरला अशा नळ्या नाहीत. तापलेला स्लॅब, तापलेल्या भिंती, चार माणसं, एक टीव्ही यांची उष्णता बाहेर नेणारं त्याच्याकडे एकच वाहन आहे, ते म्हणजे खोलीतून बाहेर पडणारी हवा. २७ अंशांनी आत आलेली हवा खोलीतून फिरताना तापत जाते आणि ३० अंशांनी बाहेर पडते. तासाला २,००० घनमीटर हवा अशी गेली तर तिनं दोन किलोवॉटच्या जवळपास उष्णता उचलून नेली, म्हणजे अर्ध्या टनाच्या एसीपेक्षा किंचित जास्त. तेव्हा खिडकीतून जाते ती आपली गार हवा नसते. भिंतींचा आणि आपल्या अंगाचा ताप घेतलेली, वापरून झालेली हवा असते. तिला कोंडून ठेवण्यात काही राखलं जात नाही.

खिडकी बंद केली तर काय होतं तेही पाहू. खोली हवाबंद नसते, दाराखालून, फटींतून थोडी हवा निसटतेच. पण पंख्यासमोर दाब वाढतो आणि गवतातून येणारी हवा त्या प्रमाणात कमी होते. कूलर खिडकीबाहेर न ठेवता खोलीतच ठेवला असेल तर प्रकार आणखी बिघडतो. तो तीच तीच हवा पुन्हा पुन्हा ओली करतो. पहिली पंधरा-वीस मिनिटं मस्त वाटतं, कारण खोलीतली हवा अजून कोरडी असते. मग आर्द्रता चढते, ओल्या पाऱ्याचा आकडा चढतो, आणि कूलरला कापायला अंतरच उरत नाही. भिंती आणि माणसं मात्र उष्णता ओतत राहतात. अंगाला चादर चिकटते, वह्यांची पानं मऊ पडतात, दाराची चौकट फुगते. अशा वेळी माणूस दुकानात जातो आणि साधारण असा संवाद होतो.

“मिस्त्री, गार हवा येईना गेलीय. मोटार मोठी बसवून द्या.”

“खोलीला दुसरी खिडकी हाय का, भाऊ?”

“हाय की. पण लावून घेतलीय. गार हवा जाऊलाली म्हणून.”

“मग मोटार बदलून काय होतंय? आधी ती उघडा. आन् दोन दिसांनी सांगा मला.”

असा मिस्त्री भेटला तर त्याला धरून ठेवावं. मोटार विकून त्याला पैसे मिळाले असते.

किती उघडी? प्रत्येक हजार घनफूट हवेला, मिनिटाच्या हिशेबात, सुमारे दोन चौरस फूट वाट हा एक जुना ठोकताळा आहे. ताशी ३,००० घनमीटर हवा खरोखर देणाऱ्या कूलरसाठी तो साडेतीन चौरस फूट येतो, म्हणजे खिडकीची एक झडप पूर्ण उघडी. ती कूलरच्या अगदी शेजारी नको, नाहीतर हवा तोंडातून निघून लगेच बाहेर पडेल आणि पलंगापर्यंत पोचणारच नाही. कूलर आणि उघडी वाट यांच्या मधल्या रेषेत माणूस झोपला पाहिजे. दोन खोल्या गार करायच्या असतील तर वाट दुसऱ्या खोलीत उघडायची. हवा आपोआप मधल्या दारातून जाईल. तपासायला पुन्हा उदबत्तीच. समोरच्या खिडकीच्या गजांपाशी धरली की धूर शांतपणे, एका दिशेनं बाहेर गेला पाहिजे. तो घुटमळला तर वाट अपुरी. दार किंचित उघडल्यावर ते आतून जोरानं ढकललं गेलं, तर दाब कोंडला आहे. धूर उलटा आत आला तर बाहेरचा वारा त्या खिडकीवर आपटतोय. मग दुसरी बाजू शोधायची.

लातूरच्या ट्यूशन एरियातल्या, म्हणजे शिकवणी वर्गांच्या भागातल्या, भाड्याच्या खोल्या आठवा. दहा बाय दहाची खोली, दोन-तीन मुलं, एकच खिडकी, आणि त्या एका खिडकीत कूलर. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा मेच्या सुरुवातीला येते, म्हणजे घोकंपट्टीचे शेवटचे दीड महिने नेमके सगळ्यात तापलेले. दार लावून घ्यावं लागतं कारण जिन्यातून गोंगाट येतो. ही खोली बांधणाऱ्यानं खिडकी एकच ठेवली तेव्हाच कूलर हरला होता. दारावर एक झरोका फोडला, किंवा जुन्या पद्धतीची वरून उघडणारी छोटी काच बसवली, तरी काम होतं. गोंगाट थोडा कमी येतो आणि तापलेली हवा वरून निघून जाते. शे-दोनशे रुपयांचं काम नसेल, पण मोठ्या मोटारीपेक्षा स्वस्त पडेल. परीक्षेच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’च्या यशाचं श्रेय अनेकांना दिलं जातं. झरोक्याकडे अजून कोणाचं लक्ष गेलेलं नाही.

हा झरोका आपल्या घरांतून गेला कसा, यामागे एक दुःखद कारण आहे. मराठवाड्यातली जुनी घरं जाड दगडमातीच्या भिंतींची आणि माळवदाची. खिडक्या बारीक, पण माळवदाला साणं असायचं: छतातलं भोक, उजेडासाठी आणि चुलीच्या धुरासाठी. तापलेली हवा वर चढते आणि तिला वरच वाट असते, म्हणून आतली हवा हलती राहायची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच जड भिंती आणि याच मातीचं ओझं असलेली छतं झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं दुसरीकडे नव्यानं वसवली गेली. त्यानंतर या भागात दगडमातीच्या भिंतीची भीती बसली, आणि ती बसायलाच हवी होती. सिमेंटचं घर जीव वाचवतं. माळवदाच्या आठवणी काढून उसासे टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण पातळ भिंत आणि सपाट स्लॅब दिवसभर तापून रात्री ती उष्णता आत सोडतात, आणि स्लॅबला साणं ठेवायचं कोणाला सुचलं नाही. जीव वाचवण्याच्या घाईत हवेची वाट बुजली. कूलरची गरज वाढली आणि त्याच वेळी कूलर चालण्याची सोय कमी झाली.

कूलर येण्याच्या आधी लोक हे जाणत होते. ‘आइने अकबरी’त अबुल फझलनं वाळ्याच्या मुळ्यांनी बांधलेल्या आणि पाणी शिंपडून गार केलेल्या खोल्यांचा उल्लेख केला आहे. वाळ्याची ताटी वाऱ्याच्या बाजूच्या दारात लावायची आणि समोरचं दार मोकळं सोडायचं, एवढी ती रचना. वारा पडला की ताटी मुकी. ती अडचण एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी थर्मँटिडोट नावाच्या पेटाऱ्यानं सोडवली: आत हातानं फिरवायचा उफणणीसारखा पंखा, बाजूंना ओल्या ताट्या, आणि पेटारा खिडकीत. फिरवायला अर्थातच नोकर. आजचा पत्र्याचा कूलर म्हणजे तोच पेटारा, नोकराच्या जागी मोटार बसवलेला. नोकर दमलेला दिसायचा. मोटार दमलेली दिसत नाही, म्हणून आपण तिच्यावर काहीही लादतो.

उन्हाळा संपताना कूलर अचानक नाठाळ होतो, त्याचंही कारण याच हिशेबात आहे. मृगाचे ढग आले, पारा ३३ वर उतरला आणि आर्द्रता ६५ टक्के झाली की ओला पारा साडेसत्तावीसच्या आसपास असतो. कापायला साडेपाच अंश. त्यातले चार-साडेचार कापून कूलर २९ अंशांची दमट हवा देतो. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवलेला बरा. दुपारभर तापलेल्या स्लॅबखालची खोली बाहेरच्या हवेपेक्षा गरम असते, आणि संध्याकाळची बाहेरची हवा आत ओढून समोरून काढून देणं एवढंच तेव्हा हवं असतं.

राहिला पाण्याचा प्रश्न, आणि लातूरकरांपुढे तो टाळता येत नाही. वरच्या उदाहरणातल्या मेच्या दुपारी ताशी २,००० घनमीटर हवा चौदा-पंधरा अंशांनी गार करायची तर तासाला बारा-तेरा लिटर पाणी उडतं. दुपार आणि रात्र धरून एका कूलरमागे दिवसाला शंभर लिटर सहज. शहराला पाणी देणारं मांजरा धरण आटल्यावर १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली, जिला पुढे जलदूत म्हणू लागले. दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. ते सगळं पाणी कूलरमध्ये ओतलं असतं तर पाच हजार कूलर एक दिवस चालले असते. एवढा हिशेब मनात धरला की मोठ्या मोटारीचा हट्ट आपोआप गळून पडतो, कारण पाणी हवेच्या प्रमाणात उडतं. हवा निम्मी केली तर पाणी जवळपास निम्मं. शिवाय सावकाश जाणारी हवा ओल्या पाऱ्याच्या अधिक जवळ जाते, म्हणजे जास्त गार येते. रात्री बाराच्या पुढे, बाहेरची हवा तशीही उतरलेली असताना, कूलर सगळ्यात कमी वेगावर, पलंगाच्या जवळ आणि समोरची झडप अर्धी उघडी ठेवून चालवला तर अंगाला लागणारा गारवा तेवढाच राहतो. सबंध दिवाणखाना गार करण्यापेक्षा चार माणसांची अंथरुणं गार करणं या मुलखाला परवडणारं आहे.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. वाफ होतं ते शुद्ध पाणी. क्षार मागे टाकीतच राहतात. रोज नुसती भर घालत गेलं आणि टाकी कधी उपसलीच नाही तर दहाव्या दिवशी टाकीतलं पाणी मूळच्या कित्येक पट खारं झालेलं असतं. मग गवतावर पांढरी साय चढते, तंतू पाणी पीत नाहीत, पन्हळीची भोकं बुजतात, आणि आपण पुन्हा कोरड्या पट्ट्यांपाशी येतो. आठवड्याला एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासली की हे टळतं, आणि त्याच दिवशी डेंग्यूच्या डासाची अंडीही जातात. आरोग्य खातं कोरडा दिवस पाळा म्हणतं ते यासाठीच. उपसण्याआधी बटण बंद करून पिन काढायची. पत्रा, पाणी आणि जुनी वायर यांच्या एकत्र येण्यानं आपल्याकडे माणसं दगावतात. तीन पिनांचा प्लग आणि खरोखर जमिनीत उतरलेली अर्थिंग नसेल तर बाकीच्या सगळ्या परीक्षा बाजूला ठेवून आधी वायरमनला बोलवावं. टाकीतून काढलेलं खारं पाणी कुंड्यांना घालू नये, मुळं जळतात. अंगण धुवायला किंवा संडासात टाकायला ते चालतं.